नाकतोडेआजोबा परत आले तेव्हा

डोंगराच्या पायथ्याशी वसलेल्या एका नगरात एक बाई राहायची आणि तिचं काम होतं गोष्टी लिहिण्याचं. आता गोष्टी काय, सगळेच रचतात. उशिरा घरी आलेला नवरा रचतो, गृहपाठ विसरलेलं पोर रचतं. पण ही बाई मुलांसाठी लिहायची, कागदावर शाईने लिहायची, आणि तिच्या पुस्तकात घडलेलं जगात कुठेच घडलेलं नसायचं. मुलं तिला गोष्टीमावशी म्हणायची. मोठी माणसंही तेच म्हणायची, कारण तिची पहिली पुस्तकं वाचली तेव्हा ही माणसंही लहानच होती.

तिच्या गोष्टी वारूळपुरात घडायच्या. वारूळपूर म्हणजे एका उंच वारुळाच्या आतलं नगर. तिथली माणसं चिंचोक्याएवढी. तिथे पाऊस खालून वर पडायचा, म्हणून लोक छत्र्या पायांना बांधून फिरायचे. तिथले भोपळे बोलायचे, पण भाजी व्हायची वेळ आली की मगच. नदी दुपारी झोपायची आणि तेवढ्या वेळात तिच्या पाठीवरून पायी पलीकडे जाता यायचं.

आणि तिथे नाकतोडेआजोबा होते. एक पाय अधू, मिशा लांब, स्वभाव तिरसट. शाळेला उशीर झालेल्या पोरांना ते पाठीवर घ्यायचे, एका उडीत शाळेच्या दारात सोडायचे आणि वर दरडावायचे, "उद्या चालत यायचं." उद्या उजाडला की पोरं पुन्हा त्यांच्या दगडापाशी उभी, आणि आजोबा पुन्हा पाठ वाकवून तयार. नगरातल्या मुलांचा त्यांच्यावर फार जीव होता. काही मुलांना तर सख्ख्या आजोबांपेक्षा ते जवळचे वाटायचे, पण असं उघड बोलायचं नसतं.

त्या काळी छापखाने नव्हते. मावशीने पुस्तक लिहून दिलं की पुस्तकांचा व्यापारी नकलनविसांना बसवून त्याच्या प्रती करवून घ्यायचा आणि गावोगाव पाठवायचा. पण त्याच्या हाती देण्याआधी मावशी ते पुस्तक बाजारामागच्या चिंचेखाली मुलांना वाचून दाखवायची. वाचताना ती मुलांच्या तोंडाकडे बघायचीच नाही, पायांकडे बघायची. आईने बजावलं असेल तर मूल तोंडावर शहाणपण आणू शकतं, पायांना काही ते जमत नाही. गोष्ट रंगली की सगळे पाय गप्प. गोष्ट ढिली पडली की कुणाचा अंगठा मातीत रेघा ओढू लागे, कुणाच्या टाचा एकमेकींवर आपटू लागत. तिथे मावशी समासात कोळशाने एक खूण करायची आणि घरी जाऊन तेवढं पान पुन्हा लिहायची.

तिचा आणखी एक रिवाज होता. वारूळपुराच्या प्रत्येक पुस्तकाच्या पहिल्या पानावर एकच वाक्य असायचं: "वारूळपुरात वाटेल ते होऊ शकतं, पण पांढऱ्या दारातून जो गेला तो परत येत नाही."

हे पांढरं दार वारूळपुराच्या अगदी शेवटच्या गल्लीत होतं. त्याच्यासमोरून जाताना तिथली माणसं आवाज खाली आणायची. बस, इतकंच. व्यापाऱ्याला ते वाक्य मुळीच आवडायचं नाही.

"बाई, पोरांचं पुस्तक आहे. पहिल्याच पानावर हे कशाला?" तो म्हणायचा.

"शेटजी, जिथे वाटेल तेच होतं, तिथे गोष्ट होत नाही," मावशी म्हणायची. "गोष्टीला एक तरी भिंत लागते."

व्यापाऱ्याला यातलं काही कळायचं नाही. पण पुस्तकं हातोहात जात होती, तेव्हा तो मान डोलवून गप्प बसायचा.

मग एक पुस्तक असं आलं की त्यात ते पांढरं दार उघडलं. वारूळपुरात खालून वर असा काही पाऊस झाला की भिंती भिजल्या, बिजागऱ्या सुटल्या आणि दार आपोआप सताड उघडलं. आतून वारा ओढू लागला. हलकीफुलकी सगळी लेकरं त्या वाऱ्याबरोबर दाराकडे घसरू लागली. दार लावायचं तर ते आतूनच ओढून लावावं लागणार होतं. नाकतोडेआजोबांनी अधू पाय झटकला आणि ते एका उडीत आत गेले. दार लागता लागता त्यांचा आवाज आला, "उद्यापासून चालत जायचं." पुस्तक तिथे संपलं.

चिंचेखाली एकही पाय हलला नाही. वाचन संपल्यावरही बराच वेळ हलला नाही. मग एकीने हुंदका दिला आणि पाठोपाठ सगळी चिंच रडू लागली.

रडली नाही ती फक्त चुनेवाल्याची मुलगी. नगराबाहेरच्या चुनाभट्टीवर तिचा बाप काम करायचा. तिची आई गेल्या हिवाळ्यात तापाने वारली होती. बाकीची मुलं डोळे पुसत घरी गेली तेव्हा ही मावशीजवळ येऊन उभी राहिली.

"मावशी, ते परत येणार नाहीत ना?"

"नाही गं."

"पुढच्या पुस्तकात पण नाही?"

"पुढच्या पुस्तकात पण नाही. पहिल्या पानावर लिहिलंय ना मी."

मुलीने मान हलवली. "माझी आई पण नाही येणार. सगळे म्हणतात देवाघरी गेलीय, येईल हं, झोप आता. नीट कुणी सांगतच नाही." एवढं बोलून तिने ते पुस्तक घरी न्यायला मागितलं. मावशीने आपली कच्ची प्रत तिला दिली आणि कामाच्या गडबडीत विसरूनही गेली.

गडबड तरी केवढी. पुस्तक घरोघर पोचलं तसा नगरात एकच कल्लोळ झाला. आया दारात येऊन म्हणू लागल्या, आमचं पोर जेवत नाही. पंतोजी म्हणाले, मुलांच्या पुस्तकात मरण आणणं हे सुसंस्कृत माणसाचं काम नव्हे. व्यापारी तर घामाघूम होऊन आला.

"बाई, लोक पुस्तकं परत आणून टाकतायत. अहो, नाकतोडा तो. माणूस असता तर गोष्ट वेगळी. आणा की परत. लेखणी तुमच्या हातात, शाई तुमच्या घरची, अडवतंय कोण तुम्हाला?"

"मीच," मावशी म्हणाली आणि तिने त्याला ताक देऊन वाटेला लावलं.

आयांचं तिने ऐकून घेतलं, पंतोजींना उलट उत्तर दिलं नाही. पण मुलांचं तिला सोसेना. एरवी ती बाजारातून निघाली की चारी बाजूंनी तिचा पदर ओढला जायचा. आता मुलं तिला लांबून बघत आणि दुसऱ्या गल्लीत वळत. चिंचेखाली ती पुस्तक घेऊन बसे आणि समोर नुसत्या वाळलेल्या शेंगा. जिने आयुष्यभर मुलांच्या मायेवर दिवस काढले, तिला हा रुसवा अन्नपाण्यावाचून राहण्यासारखा झाला. मग तिच्या मनात आलं, मी लिहिते मुलांसाठी, आणि मुलांनाच जर नियम नको असेल तर तो राखायचा कुणासाठी? विचार दिसायला अगदी सरळ होता. जे करायचं आपण आधीच ठरवलेलं असतं, त्याची कारणं नेहमी अशी सरळच सापडतात.

तिने पुस्तक लिहिलं. त्यात नाकतोडेआजोबांच्या नातवाला एक तोडगा सापडतो. रोज सूर्य उगवताना पांढऱ्या दारावर कडुलिंबाच्या काडीने ठोकायचं, गेलेल्या माणसाच्या आवडीचं जेवण ताटात वाढून समोर ठेवायचं आणि मनापासून त्याला नावाने हाक मारायची. नातू तसं करतो. दार आतून उघडतं. आजोबा मिशा झटकत बाहेर येतात आणि म्हणतात, "किती उशीर?" मावशीचा हात कसलेला होता. वाचताना नातवाच्या हाकेला मोठ्या माणसांचेही डोळे भरून येत.

नगरात दिवाळी झाली म्हणायची. चिंचेखाली मुलं इतकी नाचली की त्या दिवशी पायांवरून काही कळायची सोयच राहिली नाही. नगरशेठांनी मावशीला शाल दिली. नकलनविसांची बोटं सुजली. बाजारात पुन्हा तिचा पदर चारी बाजूंनी ओढला जाऊ लागला आणि तिला गाढ झोप लागू लागली.

मावशीने मग नवीन पुस्तक लिहिलं. त्यात एक मुंगीचं पिलू कड्याच्या टोकाला एका हाताने लोंबकळत होतं. तिने फार मन लावून ते पान रचलं होतं. वाचताना तिने सवयीने पायांकडे बघितलं तर एक अंगठा मातीत रेघ ओढत होता. शेजारच्या दोन टाचा आपटत होत्या. तिने आवाज चढवला. पिलाचं एकेक बोट सुटू लागलं.

"पडू दे की," एक मुलगा जांभई देत म्हणाला. "कडुलिंबाची काडी आहेच."

सगळी हसली. मावशीही हसली आणि तिने समासात खूण केली. पुढच्या पानावर आणखी एक केली. पुस्तक संपलं तेव्हा समास कोळशाने काळे झाले होते. कुठे बिघडलं हे तिला कळत नव्हतं असं नाही. पण कळलेलं मान्य करायला आपल्याला नेहमी थोडा वेळ लागतो, तसा तिलाही लागत होता.

एवढ्यात एका पहाटे चुनेवाला तिच्या दारात येऊन उभा राहिला. भुवया पांढऱ्या, हात पांढरे. जमीन खराब होईल म्हणून तो उंबऱ्याबाहेरच थांबला.

"बाई, तुम्ही जरा घरी याल का? पोरगी दार सोडून हलत नाही."

"कुठलं दार?"

"आमचं परसदार. भट्टीवरचा चुना आणून तिनं ते पांढरं केलंय. रोज उजाडायच्या आधी ताट वाढून त्याच्यापुढं बसते. काडीनं ठोकते. मी समजावून थकलो. म्हणते, पुस्तकात आहे."

मावशीने पायात वहाणा सरकवल्या आणि ती त्याच्याबरोबर निघाली. वाटेत चुनेवाला बोलत होता, तक्रार म्हणून नव्हे, मन मोकळं करावं तसं.

"तिची आई गेल्यापासून ती रोज जेवताना आईचंपण ताट घ्यायची. मी काही बोलायचो नाही. काय बोलणार? मग तुमचं ते आधीचं पुस्तक आलं, नाकतोडा जातो ते. ते वाचलं आन् त्या दिवशी तिनं दोनच ताटं घेतली. पोटभर जेवली. मला म्हणाली, बाबा, आई परत येणार नाही, आपण दोघंच. मला वाटलं, सावरली पोर. आता पुन्हा तीन ताटं घेते. मला वाचता येत नाही बाई. आत काय लिहिलंय ते तुम्हालाच ठाऊक."

आधीच्या पुस्तकाने त्या घरात काय केलं होतं हे मावशीला आज कळत होतं, आणि ते पुढच्या पुस्तकाने कसं पुसून टाकलं हेही.

चुनेवाल्याच्या घरात मागचं दार पांढरंफेक दिसत होतं. त्याच्यासमोर मुलगी मांडी घालून बसली होती. ताटात भाकरी आणि अंबाडीची भाजी. चुन्याने तिची बोटं उलली होती. शेजारी काड्यांची जुडी होती. मावशीला बघून तिचा चेहरा उजळला.

"बरं झालं तू आलीस. मावशी, काडी ओली घ्यायची का सुकी? तू पुस्तकात नुसतंच काडी लिहिलंयस. मी दोन्ही करून बघितलं."

मावशीने जुडीतली एक काडी उचलली.

"आणि हाक नावानेच मारायची का? मी तर आईला आईच म्हणायचे. आता तिच्या नावाने हाक मारते, पण ती हाक माझी आहे हे तिला कळत नसेल. त्यानेच चुकत असेल का?"

मावशीच्या जिभेवर उत्तरं तयार होती. तीस वर्षं तिचा धंदाच तो. दार फक्त पुनवेला उघडतं असं सांगता आलं असतं. आई आतून तुला रोज बघते, पण तिला यायची परवानगी नाही, असं सांगता आलं असतं. मुलीने ते आनंदाने मानलं असतं, चुनेवाल्याने हात जोडले असते आणि मावशी मान ताठ ठेवून घरी गेली असती. ती मुलीसमोर जमिनीवर बसली.

"काडीत काही नाही," ती म्हणाली. "तुझ्या हाकेतही काही चूक नाही. मी ते खोटं लिहिलं. त्या दारातून कुणी परत येत नाही. आजोबाही आले नव्हते. मी त्यांना ओढून आणलं."

मुलगी तिच्याकडे बघत राहिली. "गोष्टीतलं सगळं खोटंच असतं. पाऊस काय खालून वर पडतो? मला कळत नाही होय?"

"ते खोटं तुलाही माहीत होतं, मलाही माहीत होतं. तो आपल्या दोघींचा खेळ होता. पण पहिल्या पानावर मी तुला शब्द दिला होता. तो मोडला आणि तुला सांगितलं नाही. तो खेळ नव्हता."

"का मोडलास?"

"सगळी मुलं रुसली होती माझ्यावर. मला सहन झालं नाही."

"मी कुठे रुसले होते?" मुलगी म्हणाली.

मावशीने मान खाली घातली.

मुलीने काड्यांची जुडी उचलली आणि भिंतीवर फेकली. मग दोन्ही मुठींनी मावशीच्या गुडघ्यावर मारत ती रडू लागली. आई गेली तेव्हाही ती अशी रडली नव्हती, असं बापाने नंतर सांगितलं. मावशीने तिला उगी म्हटलं नाही. डोक्यावरून हात फिरवायचीही तिला लाज वाटत होती. ती मुठी सोसत बसून राहिली.

रडून दमल्यावर मुलगी उठली. नाक पुसलं. इतके दिवस तिने ते दार नुसतं ठोठावलं होतं, कारण पुस्तकात ते आतून उघडायचं. आज तिने स्वतः कडी काढली आणि दार ओढलं. पलीकडे रोजचंच परस होतं. दोरीवर बापाचं धोतर वाळत होतं. शेजाऱ्यांची शेळी कुंपणातून तोंड घालून कढीपत्ता खात होती. मुलीने डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं.

"कुणी नाही," ती म्हणाली.

"नाही," मावशी म्हणाली.

मुलीने ताट उचलून उंबऱ्यावर ठेवलं आणि बापाला हाक मारली. भाकरी गार झाली होती. तिने तिचे तुकडे केले, बापाला दिले, मावशीलाही दिले. तिघं परसाकडे तोंड करून जेवली. निघताना मावशी वहाणा घालत होती तेव्हा मुलगी म्हणाली, "हे बाकीच्यांना पण सांग. त्यांचं पण कुणी ना कुणी जाईल."

मावशी तिथून थेट व्यापाऱ्याकडे गेली. तिचं ऐकून तो गादीवर उठूनच बसला.

"बाई, आपल्या हाताने आपल्याच पायावर धोंडा मारून घेताय. ते पुस्तक घराघरांत आहे. तुम्ही गप्प बसलात तर कुणाला काही कळायचं नाही."

"एकीला कळलंय."

"चुनेवाल्याच्या पोरीसाठी सगळ्या नगराचा रोष ओढवून घेणार?"

"शेटजी, मी लिहायला बसते तेव्हा समोर नगर नसतं. एकच मूल असतं," मावशी म्हणाली. "या वेळी मी त्याच्याकडे न बघता लिहिलं."

दुसऱ्या दिवशी तिने चिंचेखाली सगळ्यांना बोलावलं. मुलं आली, त्यांच्या आया आल्या, पंतोजीही लांब उभे राहिले. मावशीने काही लपवलं नाही. नियम माझा होता, तो मी मोडला, तुमचा रुसवा नको म्हणून मोडला, आजोबा परत आलेले नाहीत, असं तिने सरळ सांगितलं. मुलीचं नाव मात्र तिने घेतलं नाही.

लोक आधी रागावले होते त्याच्या दुप्पट रागावले. "एकाच नाकतोड्याला दोनदा मारणारी बाई आम्ही बघितली नाही," असं एक आई म्हणाली आणि पोराला ओढत घेऊन गेली. पंतोजींना मरण नको होतं आणि आता माघारही नको होती. मुलं तर पार बिथरली. काहींनी तिथेच कान झाकून घेतले. मावशीने शाल घडी करून नगरशेठांकडे परत पाठवली, त्यांनीही ती ठेवून घेतली. बाजारात पुन्हा तिचा पदर मोकळा राहू लागला. तिला वाईट वाटायचं, रोज वाटायचं, पण या वेळी तिने त्या वाईट वाटण्याला लेखणी हातात घेऊ दिली नाही.

मग तिने वारूळपुराचं पुढचं पुस्तक लिहायला घेतलं. आजोबा गेले त्याच्या दुसऱ्या दिवसाचं. एरवी तिचा हात झरझर चालायचा. या वेळी एकेक पान अडत होतं, कारण त्या दिवशी वारूळपुरात फारसं काही घडतच नव्हतं. सकाळ होते. पाऊस खालून वर पडतो. शाळेची घंटा होते आणि उशीर झालेली पोरं आजोबांच्या दगडापाशी येऊन उभी राहतात. वाट बघतात. दगडावर कुणी नसतं. मग त्यांच्यातली एक म्हणते, चला, आणि सगळी चालायला लागतात. वाटेत धाकटं मागे पडतं तेव्हा मोठी त्याला पाठीवर घेते. पोरं शाळेत उशिरा पोचतात. गुरुजी काही बोलत नाहीत. एवढीच गोष्ट.

ती ऐकायला चिंचेखाली मोजकीच मुलं आली. चुनेवाल्याची मुलगी पाठीमागे खोडाला टेकून बसली होती. मावशीने वाचायला सुरुवात केली आणि तिची नजर सवयीने खाली गेली. तिने एक पान उलटलं, दुसरं उलटलं. कोळशाचा तुकडा तिच्या मुठीत तसाच राहिला. पोरं दगडापाशी वाट बघत होती त्या पानावर तिचा स्वतःचाच आवाज चिरकला, तरी कुणी हललं नाही.

व्यापाऱ्याने कुरकुरत थोड्याच प्रती काढल्या. खरं सांगायचं तर ते पुस्तक कधी फार खपलं नाही. आजोबा परत येतात ते पुस्तक मात्र कित्येक घरांनी कपाटात जपून ठेवलं, अजूनही असेल. माणसांना गोड लागतं ते माणसं ठेवतात, त्यात त्यांचा दोष नाही. चिंचेखालची काही मुलं परत आली, काही आलीच नाहीत. मावशीने कुणाला बोलावणं पाठवलं नाही.

पुढे काही काळ गेला आणि तेल्याच्या घरातले म्हातारे आजोबा वारले. घर माणसांनी भरलं होतं. त्यांच्या नातवाला येणारा प्रत्येक जण सांगत होता, आजोबा गावाला गेलेत, येतील हं. पोरगं घाण्यामागे जाऊन बसलं होतं आणि कुणाशी बोलत नव्हतं.

चुनेवाल्याची मुलगी आता जरा मोठी झाली होती. ती गर्दीतून वाट काढत घाण्यामागे गेली आणि त्याच्या शेजारी बसली. ओढणीखालून तिने दुसऱ्या दिवसाचं ते पुस्तक काढलं आणि त्याच्या मांडीवर ठेवलं. पोराने ते उलटसुलट करून बघितलं.

"यात ते परत येतात का?" त्याने विचारलं.

"नाही," ती म्हणाली. "यात ते परत येत नाहीत. म्हणून तर आणलं."

पोराने तिच्याकडे बघितलं. मग तो थोडा सरकला, तिला नीट बसायला जागा करून दिली, आणि दोघं वाचू लागली.

तात्पर्य: मुलांसाठी लिहिणाऱ्याने कल्पनेला हवं तितकं उडू द्यावं, पण दिलेला शब्द मोडून कुणाचे डोळे पुसायला जाऊ नये.